रक्त कशाला लागतं?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेनंतर येशूच्या मरणाबद्दल तू विचारलंस, एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला, हा कुठला न्याय? आणि देवाला रक्त कशाला लागतं? भर रस्त्यात बोलण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहितोय.

रागावलेला बाप आणि त्याचा राग शांत करायला पुढे केलेला निरपराध मुलगा, असं चित्र आमच्याच काही प्रवचनांतून उभं राहतं. मला ते मुळीच पटत नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला आणि त्यातच देवाचं प्रेम दिसलं, असं प्रेषित पौल रोमच्या मंडळीला पत्रात लिहितो. म्हणजे प्रेम आधी, वधस्तंभ (क्रूस) नंतर.

रक्ताचं मूळ जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी देऊन त्याचं रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सर्वांत आतल्या भागात, शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजकाने दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. रक्त म्हणजे जीव, आणि तो देवानेच प्रायश्चित्तासाठी दिला आहे, असं पुढच्याच अध्यायात म्हटलंय. हे दरवर्षी चालायचं. ख्रिस्ताने ते एकदाच आणि कायमचं केलं, हा नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा सगळा आग्रह.

आता न्यायाचं. पौलाने तुरुंगातून फिलेमोन नावाच्या मित्राला एक पत्र लिहिलं. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम, बहुधा पळून आलेला, पौलाला भेटला होता. त्याला परत पाठवताना पौल लिहितो, त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. नुकसान झालंच नाही असं तो म्हणत नाही. ते कुणाच्या तरी अंगावर पडणारच, तर माझ्या पडू दे, एवढंच म्हणतो. तसंच वधस्तंभावर धनकोच, म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो तो देवच, जामीन राहिला. तिसऱ्या कुणाला ओढून आणलेलं नाही, सुधीर. म्हणून मला त्यात अन्याय दिसत नाही.

ख्रिस्ती पंडितांनी याची उकल आपापल्या परीने केली. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने देवाच्या मानाची भरपाई सांगितली, त्याच्यामागून आबेलार्डने माणसाचं हृदय हलवणारं प्रेम. निकीयाचा मतांगीकार, म्हणजे मंडळीची जुनी विश्वासाची कबुली, मात्र 'आमच्यासाठी' म्हणतो आणि पुढे जातो.

मला स्वतःला बरब्बा जास्त कळतो. बंडात खून केलेल्यांबरोबर धरलेला कैदी. सणाला एकाला सोडायची रोमी सुभेदार पिलाताची रीत, आणि लोकांनी त्याचं नाव घेतलं. येशूला ज्यावर खिळलं तो मधला वधस्तंभ कदाचित त्याच्यासाठीच ठरलेला असेल. येशू माझ्या जागी मेला, हे अक्षरशः म्हणू शकेल असा तोच एक. त्याला कुणी पश्चात्ताप विचारला नाही. पुढे त्याचं काय झालं, शुभवर्तमानं सांगत नाहीत. मी ती जागा माझी समजतो आणि दरवर्षी तिथे मला रडू येतं.

मग माणसाने काहीच करायचं नाही का, हे तू आता विचारशीलच. करायचं ना! अनेसिमाला त्याच दारात परत जायचं होतं आणि फिलेमोनाला त्याला भाऊ म्हणून आत घ्यायचं होतं. दोन्ही सोपं नव्हतं. ते पत्र अवघं २५ वचनांचं आहे, वाचून काढ. पटलं नाही तर तसं स्पष्ट लिही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विल्सन