काजूचा मोहोर धुक्याने नव्हे, ढेकण्याने करपतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटकातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या पट्ट्यात, आणि हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातही काजूचा मोहोर दरवर्षी कोठे ना कोठे काळा पडतो आणि त्याचे खापर दरवर्षी धुक्यावर फोडले जाते. ‘धुके पडले, मोहोर जळाला’ असे म्हटले की पुढची चौकशीच थांबते. धुक्यावर कोणाचाच इलाज नसल्यामुळे शेतकरी नशिबाला बोल लावतो आणि सरकारी खातेही मोकळे होते. वस्तुस्थिती अशी आहे की हा करपा बहुतांशी ‘ढेकण्या’ या रसशोषक किडीचा असतो आणि तिचा बंदोबस्त वेळेवर करता येतो. या विषयाकडे बागायतदारांचे आणि दोन्ही राज्यांच्या संबंधित खात्यांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

धुक्यावर संशय जाण्याला कारण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ढगाळ, दमट हवा या किडीला मानवते. त्यामुळे मळभाचे दिवस आणि मोहोर करपण्याचे दिवस पुष्कळदा एकच असतात. शिवाय सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर ती रस शोषते आणि उन्हाच्या वेळी पानाआड दडून बसते. शेतकरी बागेत पोहोचतो तो नेमका भर उन्हात, तेव्हा त्याला करपलेला तुरा दिसतो, पण करपवणारा दिसत नाही. सकाळी दव असतानाच झाडाजवळ जाऊन तांबूस, लुसलुशीत पालवी हलक्या हाताने उलटून पाहिली, तर ही कीड नजरेस पडते. प्रौढ कीड जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब, बारकुडी, लांब पायांची असते. डोके काळे, छाती लालसर आणि पोट काळे-पांढरे असते. पाठीवर गोल डोक्याच्या टाचणीसारखा एक उभा काटा असतो आणि ढेकण्या ओळखण्याची ती पक्की खूण आहे. पिल्लांना पंख नसतात. ती तांबूस मुंग्यांसारखी दिसतात आणि चाहूल लागताच कोंबाच्या मागच्या बाजूस सरकतात. मादी अंडी कोवळ्या कोंबाच्या किंवा मोहोराच्या दांड्याच्या आत घालते. बाहेर दिसतात ते फक्त केसाएवढे दोन पांढरे धागे. अंडी अशी आत दडलेली असल्यामुळे वरून मारलेल्या औषधाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि पिल्ले पाच वेळा कात टाकून, अंडे घातल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत प्रौढ होतात. एका फवारणीने काम भागत नाही, त्याचे मूळ येथे आहे.

नुकसान केवळ रस गेल्याने होत नाही. सोंड खुपसताना किडीची विषारी लाळ झाडाच्या पेशींत उतरते. टोचलेल्या जागी आधी पाणथळ ठिपका उमटतो, तो लवकरच तपकिरी आणि मग काळा होतो, कधी त्यातून डिंकाचा थेंब येतो. असे ठिपके एकमेकांना भिडले की कोंब वरून खाली वाळत जातो आणि तुरा उभ्या उभ्या जळाल्यासारखा दिसतो. कोवळ्या बीवर टोच बसली तर बी सुरकुतून गळते, मोठ्या बीवर आणि बोंडावर खवल्यांसारखे डाग राहतात. एकच कीड एकापाठोपाठ अनेक कोंब निकामी करू शकते, म्हणून संख्या थोडी दिसली तरी गाफील राहणे परवडत नाही. प्रादुर्भाव जोराचा असेल त्या वर्षी ३० ते ५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न बुडते, असे काजूवर काम करणारे शास्त्रज्ञ सांगतात. या जखमांतून पुढे बुरशी शिरते. शेतकऱ्याला ती बुरशी दिसते, दुकानदार बुरशीनाशक हातात ठेवतो, आणि पैसे खर्च होऊनही मोहोर जायचा तो जातोच, कारण मूळ दुखणे तसेच राहिलेले असते.

उपाय नवा नाही. कर्नाटकात पुत्तूर येथे काजू संशोधन संचालनालय आहे, महाराष्ट्रात वेंगुर्ले येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. दोन्हीकडच्या शिफारशींचा गाभा एकच आहे. पहिली फवारणी नवी पालवी फुटताना, दुसरी मोहोर येताना आणि तिसरी फळधारणेच्या वेळी करावयाची असते. ५ टक्के लॅम्बडा सायहॅलोथ्रिन दहा लिटर पाण्यात ६ मिलिलिटर हे प्रमाण दोन्हीकडे परिचयाचे आहे. तेच औषध तिन्ही वेळा न मारता मध्ये बदलावे, आणि फुले उमललेली असताना फवारणे भागच असेल तर मधमाश्या परतल्यावर, दिवस कलताना फवारावे. फवाऱ्याने माश्याच मारल्या तर वाचलेल्या मोहोरालाही फळ कसे धरणार? आपल्याकडे चूक होते ती वेळेची. पालवीवरची फवारणी ‘मोहोर तरी येऊ दे’ म्हणून टाळली जाते, आणि मोहोर येईपर्यंत किडीची एक पिढी पालवीवर वाढून तयार झालेली असते.

दुसरी अडचण शेजाऱ्याची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या बागा लहान, तुकड्या-तुकड्यांच्या आणि रानाला लागून आहेत. एकाने फवारले आणि शेजारच्या तिघांनी फवारले नाही, तर ढेकण्या शेजारी जातो आणि औषधाचा जोर ओसरताच परत येतो. पालवी नसते त्या दिवसांतही तो उपाशी राहत नाही. परसातला पेरू, बागेतली मिरवेल आणि बांधावरचा कडुनिंब ही सारी त्याची आश्रयस्थाने आहेत. ज्या कडुनिंबाचा अर्क कीटकनाशक म्हणून सुचवला जातो, त्याच कडुनिंबाचा कोवळा शेंडा ही कीड आवडीने खाते. अलीकडच्या वर्षांत कडुनिंबाचे शेंडे वाळताना दिसतात, त्यामागे बुरशीबरोबर हीच कीड असल्याचे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. तेव्हा ही लढाई एकट्यादुकट्याची नाही. एका शिवारातल्या सर्व बागांची फवारणी त्याच तीन-चार दिवसांत उरकली, तरच तिचा उपयोग.

अशी एकजूट घडवायची तर सर्वांना एकच माहिती, एकाच वेळी आणि समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. आमच्या भागातील एका कार्यालयातून मला काजूच्या कीडरोगांचे पत्रक मिळाले, ते केवळ कन्नडमध्ये होते. पत्रक उत्तम होते, त्यातील चित्रेही स्पष्ट होती. पण ज्यांनी ते वाचावे अशी अपेक्षा आहे, त्यांतील पुष्कळ वयस्क शेतकऱ्यांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले आहे आणि औषधाचे प्रमाण हे अंदाजाने वाचण्याचे प्रकरण नव्हे. सीमावादाशी या मागणीचा संबंध जोडू नये. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण जेथे पुरेसे आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनापासूनचे मान्य धोरण आहे. वेंगुर्ल्याची शिफारस मराठीत तयारच आहे, ती चंदगडपर्यंत येते आणि शिनोळीच्या हद्दीवर अडते. कीड मात्र तेथे अडत नाही.

या विषयावर लिहिताना एक धोक्याची सूचना केल्यावाचून राहवत नाही. हल्ली ड्रोनने सगळ्या डोंगरावर एकदम औषध मारण्याची भाषा ऐकू येते. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले, ते याच किडीसाठी. आपल्याच राज्यातील दक्षिण कन्नड जिल्ह्यातही तसेच घडले. वाड्यांतून जन्मजात व्यंगे आणि दुर्धर आजारांच्या ज्या कहाण्या पुढे आल्या, त्या देशाने पाहिल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली या औषधावर देशभर बंदी घातली आणि २०१७ साली केरळ सरकारला पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ड्रोन आणि हेलिकॉप्टर यांत फरक आहे, आजची औषधेही निराळी आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादईचे मूळ याच तालुक्याच्या रानात आहे आणि आमच्या कित्येक वाड्या झऱ्याचे पाणी पितात. येथे हवेतून फवारणी करण्याआधी ग्रामपंचायतीची संमती आणि पाणवठ्यांपासूनचे अंतर ठरले पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे. पाठीवरच्या पंपाने झाड पाहून मारलेले औषध कमी लागते आणि लागेल तेथेच पडते.

औषधाखेरीजही काही करता येते. पाने जोडून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्याला झाडावर टिकू देत नाहीत, पण वेचणीच्या वेळी चावतात म्हणून आपण त्यांची घरटी जाळतो. निदान बागेच्या कडेची घरटी तरी राखावीत. नव्याने लागवड करणाऱ्यांनी पुत्तूरच्या ‘भास्करा’ या जातीचा विचार करावा. तिचा मोहोराचा काळ लांबलेला असल्यामुळे प्रादुर्भाव मध्यम असेल तर ती बऱ्यापैकी निभावून जाते. आपल्याकडे रोपवाटिकांत वेंगुर्ल्याच्या जातींचीच चलती आहे. त्या उत्पन्नाला चांगल्या आहेत, पण या किडीपुढे त्यांचा निभाव लागेल अशी खात्री कोणी देऊ नये.

माझी विनंती मर्यादित आहे. बागायत खात्याने खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या काजूपट्ट्यासाठी किडीच्या रंगीत छायाचित्रांसह मराठी व कन्नड असे एकत्र पत्रक काढावे आणि ते रयत संपर्क केंद्रांबरोबरच दूध डेअऱ्या व कृषी पत्तीन संघांतही (गावच्या शेती पतसंस्थांतही) ठेवावे. चंदगडच्या कृषी अधिकाऱ्यांशी बोलून हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गावांसाठी फवारणीचे दिवस एकत्र ठरवावेत. त्यासाठीची बैठक पालवी फुटण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास घ्यावी, कारण दिवाळी उलटल्यावर बोलावलेल्या बैठकीपर्यंत पहिल्या फवारणीची वेळ टळून गेलेली असते.

आपला नम्र,
एक काजू बागायतदार,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव