ते ‘ड्राइश’ नाही, ‘ड्रीख’

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. इथली, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनची नोकरी कायम झाली आणि मी हो म्हणून मोकळी झाले. मार्चमध्ये गाशा गुंडाळून परत यायचं ठरलं होतं, आहे लक्षात. पण पगार चांगला, सुट्ट्या भरपूर, ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ, शिवाय दादा पुण्याला आहेच, आणि आत्ता सोडलं तर... जाऊ दे. कायमची गेले असं मात्र समजू नका.

बाबा, परवा इथल्या हवामानात ‘dreich’ हा इथला स्कॉटिश शब्द वाचून तुम्ही ‘ड्राइश, ड्राइश’ करत होतात. ते ‘ड्रीख’. ‘ड्री’ चांगला लांबवायचा, आणि ‘ख’ खडूतला नाही. सकाळी मोरीपाशी तुम्ही घसा खाकरता ना, तिथून काढायचा. गझलवाले ‘ख़बर’ म्हणतात तसा. इथले म्हातारे बसस्टॉपवर एवढंच म्हणतात, शेजारचा मान हलवतो, झाल्या गप्पा. मूळ अर्थ लांबलेलं, कंटाळवाणं. रटाळ प्रवचनालासुद्धा ड्रीख म्हणत. आताचा अर्थ राखाडी आभाळ, गारठा आणि दिवसभर बुरबुर.

पण आई, तुला वाटतो तसला पाऊस नाही गं. रत्नागिरीत एका जुलैत पडतो तेवढा इथे अख्ख्या वर्षात पडत नाही. डिसेंबरात साडेतीनलाच दिवेलागण होते, ते खरं. पण घर उबदार आहे, तू दिलेलं कुळथाचं पीठ अजून अर्धा डबा आहे, आणि हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची गोळी घ्या असं इथलं सरकारच सांगतं, तीही घेते. झड लागली की मी तुझ्या गोधडीत शिरायचे आणि बाबा चुलीतल्या आठळ्या फुंकून फुंकून सोलून द्यायचे. इथे आठळ्या कुठल्या!

आता नीट ऐका. बाबा, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, गुडघ्याचा एक्सरे याच महिन्यात. दादाला सांगून ठेवलंय, त्याच्यावर चिडू नकोस. मागच्या पायऱ्यांवर शेवाळ असेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. आणि दोघांचे पासपोर्ट करायला टाका. जूनमध्ये या, रात्री दहालाही उजेड असतो. फोटोला बाबांचा चष्मा काढायला लाव, नाहीतर परत हेलपाटा.

तुमची,
मीनू