वखारीच्या पलीकडच्या टोकावरून

मिडलबर्ग, नेदरलँड्स
6 जुलै

प्रिय दत्ता,

कसो आसंस? लावणी आटोपली का? वेंगुर्ल्यात पाऊस धरून असेल. इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवायचं भानच राहत नाही.

स्थलांतर आणि वसाहतवाद शिकायला इतक्या लांब कशाला जातोस, असं तू विचारलं होतंस. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता सांगतो.

आपली डच वखार आठव. जांभ्याच्या भिंती, त्यात घुसलेली वडाची मुळं, आणि आत गेलेला चेंडू कोण आणणार यावरून आपली भांडणं. डच लोक 1637 च्या सुमारास वेंगुर्ल्यात आले, एवढं आपल्याला पाठ होतं. पण ते आले कुठून? मी राहतो तिथून दहा मिनिटांवर जुना धक्का आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक याच गावात होती. वखारीचं दुसरं टोक इथे आहे, दत्ता. तिथल्या भिंती पडल्या, इथली घरं अजून रंगवलेली, खिडक्यांत फुलं. पहिल्या संध्याकाळी मी त्या धक्क्यावर नुसता बसून राहिलो.

परवा आम्हाला इथल्या अभिलेखागारात नेलं. याच गावात 1720 साली आणखी एक कंपनी निघाली होती. तिच्या जहाजांनी आफ्रिकेतून माणसं नेऊन विकण्याच्या 113 सफरी केल्या. तिचे जवळजवळ सगळे हिशोब शिल्लक आहेत. जाड कागद, वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. बिस्किटं इतकी, बंदुकीची दारू इतकी, आणि त्याच शिस्तीत पुढे पुरुष इतके, बायका इतक्या, मुलं इतकी. नाव नाही. मी रकान्यावरून बोट खाली नेत होतो आणि मध्येच हात काढून घेतला. वर्गात त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी हेगची आहे. तिचे पूर्वज बिहारचे. डचांनी 1 जुलै 1863 ला गुलामी बंद केली, पण सुरिनाम या त्यांच्या दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतीत सुटलेल्या माणसांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबायला लावलं. ती मुदत संपली त्याच 1873 साली कलकत्त्याहून 'लल्ला रूख' हे जहाज मजूर घेऊन तिथे पोचलं. पाच वर्षांचा करार. 1916 पर्यंत अशी सुमारे 34 हजार माणसं गेली. पुढे 1975 ला सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास तिचे आजीआजोबा हॉलंडला आले. करारावर गेलेल्यांना त्यांच्या बोलीत 'कंत्राकी' म्हणतात. मी तिला आपला 'चाकरमानी' सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि वहीत लिहून घेतला.

माझे आजोळचे आजोबा राजापूर तालुक्यातले, तुला माहीतच आहे. जैतापूरच्या बंदरातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरणीत लागले. घरात आम्ही नेहमी म्हणत आलो, आजोबा पोटासाठी गेले. पण पोटाला का मिळत नव्हतं? खोताची जमीन, खोताचा वाटा. बाबासाहेबांनी 1937 साली खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, ते याच कोकणासाठी. इथे पेरूचे समाजशास्त्रज्ञ आनिबाल किहानो यांचं लेखन वाचतोय. राज्यकर्ते गेले तरी त्यांनी बसवलेली माणसांची उतरंड राहते, असं ते सांगतात. मला ते पटतं. तरी मी वर्गात उठून म्हणालो की आमच्याकडे उतरंड गोऱ्यांच्या आधीपासून होती, आणि सगळा दोष त्यांच्या माथी मारला की आमचा खोत सहीसलामत सुटतो. बोलताना आवाज कापला. पण हे न बोलता परत आलो असतो तर आजोबांना तोंड दाखवता आलं नसतं.

व्हिसाचंही सांगायचं राहिलं. परत येण्याचा पुरावा म्हणून बँकेची पुस्तकं, तिकीट आणि बाबांचा सातबारासुद्धा जोडला, तरी पासपोर्ट हातात आला तो निघायच्या दोन दिवस आधी. यांची जहाजं आपल्या बंदरात लागली तेव्हा परत जाण्याचा पुरावा कोणी मागितला होता? हा राग अजून गेलेला नाही आणि जाऊही नये, असं मला वाटतं.

आता एक काम. गणपतीआधी आई माळा साफ करायला काढते. तिथे आजोबांची पत्र्याची पेटी आहे, तिच्यात गावी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या. आई ती भंगारात घालेल. आजच जा आणि पेटी तुझ्या घरी नेऊन ठेव, ओल लागणार नाही अशा जागी. पावत्यांवर आजीचं पूर्ण नाव आहे, आजोबांच्या हातचं.

मी 28 तारखेला निघतोय. काकींना नमस्कार सांग.

तुझा,
विनू