उसवणारे रबर हवे, पण मे महिन्यात टिकणारे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

वाडीला अमरावती रोडवर माझे टायर रिमोल्डिंगचे, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवायचे दुकान आहे, एकतीस वर्षांचे. मागच्या पावसाळ्यात तपासणीवाले आले, मागे रचलेल्या टायरांतल्या पाण्यात अळ्या दाखवल्या आणि दंडाची पावती फाडून गेले. अळ्या होत्या, त्यात वाद नाही. पण ते टायर न्यायचे कुठे? आमचा कारागीर म्हणतो, "शेठ, याले जाळता येत नाही अन् गाडताही येत नाही."

खोट रबराच्या शिलाईत आहे. कच्चा गम, म्हणजे न भाजलेले रबर, बोटाला चिकटतो, नखाचा ठसा धरून ठेवतो. तोच साच्यात दीडशे अंशांच्या आसपास दाबून ठेवला, की नख मारले तरी उसळून वर येतो. रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना गंधकाचे टाके पडलेले असतात. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला हे गवसले आणि आमचा धंदा उभा राहिला. पण भाजलेल्या पोळीची परत कणीक होत नाही. टाके उसवायला जावे तर साखळ्याच तुटतात. म्हणून जुन्या टायरचा भुगा होतो, नाहीतर तेल काढायला जातो.

माझी पुतणी पॉलिमर, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या पदार्थांचे शास्त्र शिकते. तिने मला रबरबँड झटकन ताणून ओठाला लावायला सांगितला. गरम लागला! (या वयात हा खेळ खेळताना गिऱ्हाईक बघत होते, ते सोडा.) झाडाच्या रबराच्या साखळ्या ताणल्या की एका ओळीत येतात, जागोजागी स्फटिक होतात आणि चीर पुढे सरकू देत नाहीत. सोडले की पुन्हा मोकळ्या. ट्रकच्या टायरला झाडाचे रबर जास्त का लागते, ते मला तेव्हा कळले. दाताच्या रूट कॅनलमध्ये भरतात तो गटापर्चाही त्याच घटकाचा, फक्त साखळीचा वळसा वेगळा, म्हणून कडक. म्हणजे ताकद नुसत्या गंधकातून येत नाही, वळशातूनही येते. काही संशोधक आता असे वळसे मुद्दाम घडवतात. टाक्यांचे म्हणाल, तर पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर या शास्त्रज्ञाच्या गटाने 2011 मध्ये तापवल्यावर टाके आपसांत जागा बदलतील असे पदार्थ दाखवले. म्हणजे तयार झालेला माल पुन्हा साच्यात घालता येईल.

माझी शंका इथेच आहे. नागपूरला मेमध्ये पारा 45 च्या वर जातो, रस्ता त्याहून तापतो आणि भरलेल्या ट्रकच्या चालत्या टायरची आतली गरमी तर विचारूच नका. बुटाच्या तळव्यांत वितळणारे रबर 1960 च्या दशकापासून आहे. ते टायरला चालत नाही, कारण तापले की मऊ पडते. नव्या टाक्यांनी साच्यात सुटावे, पण कोंढाळीच्या घाटात सुटू नये. तोवर चपला, वायसर, कूलरचे पाइप यांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

2022 च्या नियमांनी टाकाऊ टायरची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ते ठीकच. पण लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) याच अमरावती रोडवर आहे, 1942 पासून. तिथल्या मंडळींनी अशा रबराची पट्टी केली, तर ती प्रयोगशाळेत ताणून झाल्यावर माझ्याकडे आणावी. घासायला मशीन आहे, तापवायला साचा आहे, मे महिना फुकट आहे. दुकान सकाळी सातला उघडते.

आपला,
एक टायर रिमोल्डवाला, वाडी, नागपूर