पुस्तके ग्रंथालयाला, कागद रद्दीला?

महोदय,

बडोद्यातली जुनी मराठी घरे आवरताना एक गोष्ट सर्रास घडते. लेखक गेला की त्याची छापील पुस्तके ग्रंथालयात जातात आणि खर्डे, पत्रे, पाठकोऱ्या कागदांवरची टिपणे रद्दीत. खरे तर पुस्तकाची प्रत दुसरीकडे मिळते, खर्डा एकच असतो.

कपाटाला हात लावण्याआधी प्रत्येक खणाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. कागद तारीखवार लावून ठेवण्याचा मोह टाळावा. कवितेचा खर्डा, संपादकाचे पत्र आणि कात्रण एकाच गठ्ठ्यात असेल, तर ओळ कुणाच्या सांगण्यावरून बदलली ते तिथेच कळते. गठ्ठा फोडला की तो धागा गेला. पाकिटे टाकू नयेत. पत्रावर तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर बहुधा असते. गठ्ठ्यांचे क्रमांक मऊ पेन्सिलीने घालावेत. यादी मराठीबरोबर गुजरातीतही करावी. तीस वर्षांनी खोके उघडणाऱ्याला मराठी वाचता येईलच, असे इथे तरी धरून चालता येत नाही.

जपण्याच्या हौसेपायीही पुष्कळ कागद जातात. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरून पिवळा डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन केलेले पान पुन्हा सोडवणे जवळजवळ अशक्य. टाचण्या गंजतात, त्या ओढून काढल्या तर कागद फाटतो, म्हणून खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून हळूच सैल कराव्यात. वर्तमानपत्रात (क्षमस्व!) काही गुंडाळू नये, त्या कागदातले आम्ल शेजारच्या पानात उतरते. कात्रणेही याच कारणाने वेगळ्या पाकिटात ठेवावीत, मात्र ती कुठून काढली याची चिठ्ठी मूळ जागी हवी. बासनासाठी कोरे मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढलेले असावे, कारण खळीवर कसर येते. लाल कापड दिसते छान, पण भिजले की रंग सोडते.

आणि भिजणे इथे नवे नाही. विश्वामित्री नदीचे पाणी 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये घराघरांत शिरले. तळमजल्यावर, खालच्या खणात हस्तलिखिते ठेवूच नयेत. भिजलीच तर उन्हात टाकू नयेत आणि चिकटलेली पाने ओढू नयेत; शाईपेनाची शाई लगेच फुटते. टीपकागद मध्ये घालून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावीत. गठ्ठे जास्त असतील तर 48 तासांच्या आत प्लास्टिकच्या पिशव्यांतून फ्रीझरमध्ये ठेवावेत. बुरशी थांबते आणि एकेक गठ्ठा सवडीने सुकवता येतो.

संस्थेला कागद देताना दानपत्र करावे. कागद दिले म्हणजे प्रकाशनाचा हक्क दिला असे होत नाही. लेखकाला आलेल्या पत्रांचा हक्क तर ती लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो. खासगी पत्रे काही वर्षे बंद ठेवायची असतील तर कोणत्या सालापर्यंत, ते दानपत्रात लिहावे. तोंडी सांगितलेले पुढच्या ग्रंथपालापर्यंत पोहोचत नाही.

– हस्तलिखितांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, दांडिया बाजार, बडोदे