फुकटची जमीन म्हणून माळावर खड्डे नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या जागा ठरू लागतात. आमच्या माण तालुक्यात यंदाही पहिलं नाव गायरानाचं, म्हणजे गावच्या चराईच्या माळाचं, निघालं आहे. कारण एकच, जमीन फुकट मिळते. बागायती शिवारात झाडं लावायची तर शेतकऱ्याचं पीक जातं, भरपाई द्यावी लागते. माळाचं काय, तो पडीकच! पण फुकटच्या जमिनीवरचं झाड सगळ्यांत महाग पडतं, हे आम्ही पाहिलं आहे.

तीन बाय तीन मीटरवर खड्डे घेतले तर हेक्टरी ११११ रोपं बसतात. एका रोपाला एका वेळी १० लिटर पाणी धरलं तरी ११ हजार लिटर होतात, म्हणजे एक मोठा टँकर. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्यात आम्हाला पाचशे मिळताना मारामार. जानेवारी ते मे पंधरवड्याला एक पाणी म्हटलं तर हेक्टरी दहा टँकर झाले, आणि असे निदान तीन उन्हाळे काढायचे. गावाला प्यायच्या टँकरची वाट बघायचे महिनेही हेच.

आमच्या गावामागच्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी अशीच लागवड झाली. परवा मुद्दाम चढून गेलो. एका ओळीत चाळीस खड्डे मोजले, सात झाडं उभी, तीही गिरीपुष्प या परदेशी झाडाची. बाकी खड्ड्यांत काळ्या पिशव्यांच्या चिंध्या आणि वर आलेला मुरूम. त्या मुरमावर गवताची काडी नाही. खड्ड्यांमधल्या न खणलेल्या पट्ट्यात मात्र पवन्या आणि मारवेल हे चाऱ्याचं गवत वाळून उभं होतं.

आमचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी येतात. तिकडच्या पावसात मेंढरू टिकत नाही, खुरं सडतात. त्यांचे चार महिने याच गवतावर निघतात. लागवडीनंतरची चराईबंदीही नेमकी तेव्हाच. मग चारा विकत घ्यायचा, नाहीतर कळपातली मेंढरं विकायची. हा खर्च अंदाजपत्रकाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून तर माळ स्वस्त दिसतो.

झाडं नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात धों. म. मोहित्यांनी सागरेश्वरचा उघडा डोंगर हिरवा करून दाखवला, पण त्यामागे वर्षानुवर्षांची राखण होती. आमच्याच जिल्ह्याच्या पावसाळी पश्चिमेला, पाटण-जावळीच्या उतारांवर तोडलेल्या झाडांचे खुंट अजून जिवंत आहेत. तिथे कुऱ्हाड आणि वणवा थांबवला, वेळेवर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे गवत काढलेले पट्टे, काढल्या, तर धुमारे आपोआप वर येतात; टँकर लागत नाही, कोयनेत जाणारा गाळही अडतो. आमच्याकडे लावायचीच असतील तर ओढ्याकाठी आणि शेताच्या बांधावर लिंब, करंज, बाभूळ लावा. ओल तिथे टिकते आणि झाड आपलं म्हणून राखणारा शेतकरीही असतो. राखणीचे पैसे मात्र त्याला तीन वर्षांनी उभी झाडं मोजून द्यावेत.

गायरानाचा प्रस्ताव येत्या ग्रामसभेपुढे आहे. मेंढपाळ अजून वाटेवर आहेत. ते घरी पोचेपर्यंत त्यावर ठराव करू नये, एवढी विनंती आपल्या पत्रातून पोचावी.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा