डोंगर चार्टवर होताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान डोंगरावर आदळले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: ‘दाट धुक्यामुळे दुर्घटना’. अशा अपघातांचे चौकशी अहवाल मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि हा मथळा मला दर वेळी खुपतो. बाहेरचे काही दिसणार नाही हे धरूनच तर इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोचचा, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरण्याचा मार्ग आखतात. सुरुवातीच्या टप्प्यात खालच्या सर्वांत उंच अडथळ्यापासून निदान हजार फूट अंतर राहील, अशी किमान उंची चार्टवर, म्हणजे वैमानिकाच्या नकाशावर छापलेली असते. मात्र हे संरक्षण आखलेल्या पट्ट्यापुरतेच. वैमानिकाने पट्टा सोडला की हमी संपली.

१६ ऑगस्ट १९९१ रोजी इंफाळजवळ इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ टेकडीवर आदळले, ६९ जण गेले. उतरण्याचा ठरलेला चार्ट पाळला गेला नव्हता.

इस्लामाबादचा अहवाल तर वाचवत नाही. २८ जुलै २०१० रोजी एअरब्लू या पाकिस्तानी कंपनीचे विमान पावसाळी ढगांत विमानतळाला वळसा घालून उतरणार होते. अशा वळशात धावपट्टी दिसत राहिली पाहिजे. नजरेआड झाली की गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून वर निघून जायचे. मुख्य वैमानिकाने त्याऐवजी स्वतःच ठरवलेले बिंदू संगणकात भरले आणि विमान संरक्षित क्षेत्राबाहेर गेले. कॉकपिटमध्ये ‘पुल अप’ (वर घ्या) हा इशारा वारंवार वाजत होता. सहवैमानिक ‘सर, सर’ म्हणत विमान वर घेण्याची विनवणी करत राहिला, पण स्वतः नियंत्रण हाती घेऊ शकला नाही; उड्डाणाच्या सुरुवातीलाच मुख्य वैमानिकाने त्याच्या ज्ञानावरून टोचून बोलून त्याला गप्प केले होते. मारगल्ला टेकड्यांत १५२ जण गेले.

वैमानिकाला खलनायक ठरवावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. वाट सोडूनही विमान सुखरूप उतरले, तर त्याची वाच्यता होत नाही आणि पुढचा त्याच खड्ड्यात पडतो. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनकडे येणारे टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे विमान वेळेआधी १८०० फुटांकडे उतरू लागले आणि व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले; ९२ बळी गेले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ काय, यावरच घोळ होता. सुमारे दीड महिना आधी दुसऱ्या कंपनीचे विमान तिथेच थोडक्यात बचावले होते, पण त्या कंपनीने सावध केले ते फक्त आपल्याच वैमानिकांना! या अपघातानंतर, १९७६ मध्ये, अमेरिकेत नासाकडे चुका आणि धोके गोपनीयपणे कळवण्याची व्यवस्था आली. चूक कळवणाऱ्याला शिक्षेची धास्ती नसेल तरच अशा गोष्टी बाहेर येतात.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या बातमीदारांनी हवामानाबरोबर एवढेही विचारावे: त्या टप्प्याची किमान उंची किती होती, विमान किती उंचीवर होते, आणि त्याच जागी आधी कोणी थोडक्यात वाचले होते का?

आपला,
एक नियमित वाचक